माया आटली नाही, माणसं कमी आहेत

पत्र (थोडक्यात):

"ताई, मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वय 32. एका मोठ्या खाजगी इस्पितळाच्या आयसीयूत गेली सात वर्षं स्टाफ नर्स आहे. व्हेंटिलेटरवरचे दोन पेशंट आणि वर तिसरा, असे तीन बेड एकटीकडे, हे आता रोजचंच झालंय. गेल्या महिन्यात अपघातातला एक तरुण मुलगा होता. त्याची आई दाराशी बसून असायची. मी दिसले की विचारायची, 'बाये, म्हजो पूत जागो जालो?' एका रात्री मी तिच्यावर खेकसले, 'डॉक्टराक विचार!' आणि चेंजिंग रूममध्ये जाऊन रडले. त्याच आठवड्यात माझ्या दुसऱ्या पेशंटच्या माकडहाडावर बेडसोअर, एकाच कुशीवर पडून होणारी जखम, निघाला. वेळेवर कूस बदलली असती तर निघाला नसता. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या एका आजोबांचं रोज पहाटे रक्त काढताना मनात येतं, हे सगळं कुणासाठी? घरी कुकरची शिट्टी वाजली तरी दचकते. मिस्टरांचा खनिजाचा ट्रक होता, खाणी बंद पडल्यावर विकला. घराचा हप्ता माझ्या पगारावर आहे. गणेश चवथीला ड्युटी लागली म्हणून सासूबाई अजून नीट बोलत नाहीत. नर्सिंग सोडून देऊ का? की मीच आता दगड झालेय?"

उत्तर:

दगड झालेली बाई चेंजिंग रूममध्ये जाऊन रडत नाही. तेव्हा तो प्रश्न इथेच सोडून देऊ. तू मला ताई म्हणतेस, मीही आयसीयूची इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले, म्हणून 'तू' म्हणूनच लिहिते.

त्या आईवर तू खेकसलीस, त्याबद्दल आधी बोलते, कारण तुला सगळ्यात जास्त तेच टोचतंय असं पत्रावरून दिसतं. सतत इतरांचं दुःख हाताळणाऱ्या माणसांचं काय होतं, हे क्रिस्टिना मॅस्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अभ्यासलं आणि 1981 मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. माणूस आतून थकून रिता होतो. समोरच्या माणसाशी तुटक वागायला लागतो. आणि आपण करतो त्याला काही अर्थ नाही असं त्याला वाटायला लागतं. तुझ्या पत्रात तिन्ही आहेत. तुटकपणा हा तुझा स्वभाव नव्हे. आतलं संपत आलं की मन उरलंसुरलं वाचवायला दार लावून घेतं आणि त्या दाराबाहेर नेमकी ती आई बसलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात या थकव्याची नोंद घेतली. आजार म्हणून नव्हे, कामाच्या जागी साचत गेलेल्या आणि आटोक्यात न आणलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण आपल्याकडे नर्स थकली की सगळे तिच्याकडेच बोट दाखवतात: प्राणायाम कर, मन खंबीर कर, सेवाभाव ठेव. प्राणायाम चांगलाच आहे, जरूर कर. पण तुझ्याकडचा तिसरा बेड प्राणायामाने कमी होणार नाही.

ती आई अजून तिथे असेल तर तिच्याशी बोल. मोठी माफी मागायची गरज नाही. डॉक्टरांचं काम डॉक्टर करतील, मुलाच्या मेंदूचं काय होणार हे तू सांगायचं नाहीस, सांगूही शकत नाहीस. पण तू जे केलंस ते तर सांगू शकतेस! "मावशे, अजून जागो जावंक ना. हांवें आतांच ताचें आंग पुसलां." एवढं वाक्य पुरतं. दाराबाहेर बसलेल्या माणसाला आत काय चाललंय ते दिसत नाही, नुसते आवाज ऐकू येतात. आपल्या मुलाचं अंग कुणीतरी पुसलं, केस विंचरले, हे कळलं की ती रात्र तिला जरा सोसवते. आणि तुलाही ते बोलल्यावर बरं वाटेल, हे मी खात्रीने सांगते.

आता बेडसोअर. व्हेंटिलेटरवरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. पण ती बदलायला एकजण डोक्याशी ट्यूब धरून उभी लागते, दुसरी अंग वळवायला लागते, पेशंट जाड असेल तर तिसरीही लागते. तुझ्याकडे तीन बेड, शेजारणीकडे तीन. रात्री दोनला कूस बदलायची वेळ झाली आणि त्याच वेळी तिच्या पेशंटचा बीपी पडला, बीपी टिकवणाऱ्या नॉरअॅड्रिनलिनचा पंप संपत आला, तर तिने काय करायचं? ती पंपाकडेच जाणार, जायलाच हवं. मग तुझ्या पेशंटची पाठ तशीच गादीवर राहते. माकडहाडावरची कातडी लाल होते, आणि सकाळच्या पाळीत स्पंजिंग करताना ते दिसतं. सगळ्या वॉर्डाच्या देखत ते तुझ्या नावावर लागतं. पण ती जखम त्या रात्री किती हात होते याचा हिशेब सांगते.

काय करायला हवं ते कळतं, करायची इच्छा आहे, कौशल्य आहे, पण परिस्थिती करू देत नाही. अशा वेळी मनाला जी टोचणी लागते ती साध्या कामाच्या ताणापेक्षा वेगळी असते. अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञांनी 1984 मध्ये परिचारिकांच्याच संदर्भात ती नेमकी मांडली. साधा ताण सुट्टीने उतरतो. ही टोचणी सुट्टीने उतरत नाही. ती उतरायला त्या परिस्थितीवर बोट ठेवावं लागतं.

आणि बोट ठेवायला आधार आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका, हे प्रमाण इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनने सांगितलेलं आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत सुट्ट्या आणि आजारपणासाठी 30 टक्के जादा माणसं धरलेली आहेत. म्हणजे कुणी आजारी पडलं, कुणी बाळंतपणाला गेलं, तर तिचा बेड तुझ्या गळ्यात पडावा अशी व्यवस्था मुळात कुणी ठरवलेली नाही.

तर आता एक छोटी वही कर. "स्टाफ कमी आहे, फार त्रास होतो" असं सांगितलं की ऐकणारा मान डोलावतो आणि दुसऱ्या मिनिटाला विसरतो. तारीख आणि आकडे घेऊन गेलीस की विसरणं कठीण जातं. नोंद अशी असावी: "रात्रपाळी. पेशंट 12, व्हेंटिलेटर 7, नर्स 5. बेड 6 चा पेशंट अचानक कोसळला, दोघी तिथे. बेड 4 ची रात्री 2 ची कूस राहिली, पावणेचारला बदलली." बस्स. रडणं नको, आरोप नको. पेशंटचं नाव लिहायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, व्हॉट्सअॅपवर तर काही म्हणजे काही टाकायचं नाही. पेशंटची गुप्तता मोडली की तुझी खरी तक्रारही बाजूला पडेल आणि तूच अडचणीत येशील. इस्पितळात इन्सिडंट रिपोर्टचा फॉर्म असेल तर बेडसोअरसाठी तोही भर. तो फॉर्म म्हणजे गुन्ह्याची कबुली असं आपल्या मुलींना वाटतं, म्हणून कुणी भरत नाही, आणि मग कागदावर सगळं आलबेल दिसतं.

महिनाभराच्या नोंदी झाल्या की एकटी जाऊ नकोस. तुझ्यावर हप्ता आहे, खाजगी नोकरी आहे, एकटी बोलणारी मुलगी पटकन डोळ्यात येते. चारपाचजणी मिळून, सह्या करून, आधी इन्चार्ज सिस्टरला आणि मग नर्सिंग सुपरिंटेंडंटना द्या. आवक-शिक्का मारलेली प्रत आपल्याकडे ठेवा. आणि मागणी नेमकी करा. "माणसं वाढवा" याला उत्तर "बघू" असंच येतं. "दोन व्हेंटिलेटर असलेल्या नर्सला तिसरा बेड देऊ नका" किंवा "रात्रपाळीत कूस बदलायला दोन अटेंडंट ठरवून द्या" याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. अटेंडंटची मागणी बहुधा आधी मान्य होते, कारण तिला खर्च कमी लागतो. ती मिळाली तरी पेशंटच्या पाठीला फरक पडतो.

पगाराचं तू लिहिलं नाहीस, तरी सांगून ठेवते. खाजगी इस्पितळांतल्या परिचारिकांच्या पगाराबाबत 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने शिफारशी केल्या: 200 हून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, 50 हून कमी असतील तरीही महिना 20,000 च्या खाली नको. शिफारशीच आहेत त्या, पण वाटाघाटीला बसताना माहीत असाव्यात.

आजोबांच्या बाबतीत तुझा प्रश्न रास्त आहे. उपचार थांबवायचे की चालू ठेवायचे हे तू ठरवू शकत नाहीस. पण "घरच्यांबरोबर एक बैठक घेऊया का, डॉक्टर? आजोबांचा मुलगा मला रोज विचारतो" असं राउंडला म्हणण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. घरची माणसं डॉक्टरांसमोर गप्प बसतात आणि मनातलं तुझ्यापाशी बोलतात. ते पोचवणं हे तुझ्या कामातच येतं. रोज पहाटेचं रक्त खरंच लागतं का, हेही विचार. कित्येकदा ती जुनी ऑर्डर कुणी बदललेली नसते म्हणूनच चालू असते. आपल्याकडे या विषयावर बोलणं आता सोपं झालंय. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, 2023 मध्ये तिची किचकट प्रक्रिया सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं, गोव्यातलं ते पहिलं. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने हे जाहीरपणे केलं याचं मला फार मोल वाटतं. शेवटच्या दिवसांबद्दल बोलणं म्हणजे अभद्र बोलणं, ही आपल्या घराघरांतली समजूत त्याने थोडी तरी हलली.

आता मला मनापासून सांगायची गोष्ट. ताण कमी झाला की समाधान आपोआप येईल असं तू धरून चालली आहेस. तसं होत नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 1959 मध्येच मांडलं होतं की नोकरीत माणसाला नाराज करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि समाधान देणाऱ्या वेगळ्या. पगार, पाळ्या, वरिष्ठांची वागणूक सुधारली तर तक्रार मिटते, आनंद मिळतोच असं नाही. आनंद मिळतो तो आपल्या हातून काहीतरी नीट पार पडलं हे डोळ्यांनी दिसलं की.

आणि आयसीयूत नेमकं तेच दिसत नाही. पेशंट गेला तर तुझ्यासमोर जातो, मॉनिटर बंद करायला तूच असतेस. बरा झाला तर अर्धवट गुंगीत, जरासा सावरल्यावर त्याला वॉर्डात हलवतात, आणि त्याच दुपारी त्या बेडवर नवा पेशंट येतो. तो चालला कधी, घरी गेला कधी, तुला पत्ताच नाही. त्यालाही गुंगीच्या औषधांमुळे तुझा चेहरा आठवत नाही, घरचे पेढे देतात ते वॉर्डातल्या सिस्टरना. सात वर्षं तू मरण तेवढं जवळून बघितलंस आणि बरं होणं वॉर्डाच्या मजल्यावर सोडून दिलंस. मग "अर्थ काय" असं वाटणारच.

म्हणून वॉर्डात जा. ड्युटी संपल्यावर दहा मिनिटं, आठवड्यातून एखादा दिवस. माझ्याकडे पेडण्याकडची एक बाई बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होती, गळ्यात ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी घातलेली नळी. मी तिच्याशी बोलत राहायचे, आता सक्शन करते हां, नळीतला कफ ओढून काढते, आता जरा ठसका लागेल. तिने कधी डोळे नीट उघडले नाहीत. पुढे मी वॉर्डात गेले तेव्हा नळी निघाली होती, गळ्यावर पट्टी होती, ती पेज पीत बसली होती. माझ्याकडे तिने परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. मी "कशी आहेस?" म्हटलं, तशी वाटी खाली ठेवून म्हणाली, "हो आवाज म्हाका खबर आसा." तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते आणि तिने मला ओळखलं ते माझ्या आवाजावरून. त्यानंतर आमच्या युनिटमध्ये आम्ही एक पद्धतच पाडली. बाहेर गेलेल्या प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं ते कुणीतरी एकीने बघून यायचं आणि पाळी बदलताना हँडओव्हरला सांगायचं. "बेड 9 वाल्या काकांना काल डिस्चार्ज मिळाला." दोन वाक्यं, पण पाळीची सुरुवात बदलते. तुझ्या इन्चार्जला सुचवून बघ, याला पैसा लागत नाही. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनकडे तर परिचारिका गुंगीतल्या पेशंटसाठी डायरी लिहून ठेवतात, नंतर त्याला ती देतात, म्हणजे हरवलेले दिवस त्याला जुळवता येतात.

कुकरची शिट्टी: आयसीयूत वाजणाऱ्या अलार्मपैकी बहुतेकांवर काही करायची गरज नसते, तरी तुझा जीव प्रत्येक वेळी उडतो. पाळीच्या सुरुवातीला डॉक्टरांना विचारून मर्यादा त्या पेशंटप्रमाणे लावून घे, ईसीजीचे इलेक्ट्रोड रोज बदल. खोटे अलार्म लक्षणीय कमी होतात. पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात सुस्त असतं. त्या वेळी पोटॅशियम, इन्सुलिन, हेपॅरिन दुसरीला दाखवल्याशिवाय देऊ नकोस, ती कितीही ओळखीची औषधं असली तरी. आणि नाईट उतरल्यावर तशीच स्कूटर काढून डिचोलीपर्यंत जाऊ नकोस! तुझ्या आयसीयूत दुचाकीवरून पडून आलेली पोरं तू रोज बघतेस. वीस मिनिटं डोळे मिटून मग नीघ, किंवा नाईटच्या दिवसांत कदंबने ये-जा कर, झोप बसमध्ये लागली तर लागू दे.

नोकरी सोडायचं म्हणतेस. नाइटचा आठवडा संपता संपता राजीनामा लिहू नकोस, एवढंच आत्ता सांगते. आधी त्याच इस्पितळात दुसऱ्या विभागाची बदली माग: डायलिसिस, रिकव्हरी रूम, कॅथ लॅब, इन्फेक्शन कंट्रोल, नव्या मुलींचं प्रशिक्षण. आयसीयूतली सात वर्षं यातल्या प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडतात. सरकारी भरतीवर लक्ष ठेव. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी तयार ठेव, जाहिरात आल्यावर धावपळ नको. परदेशाचा विचार आला तर परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या एजन्सीशिवाय कुणाच्या हातात पैसे किंवा मूळ कागदपत्रं देऊ नकोस. आणि हे सगळं करूनही सहा महिन्यांनी तुला नर्सिंग नकोच वाटलं, तर सोड. त्यात कुणाशी बेइमानी नाही. हप्त्याचं गणित मात्र मिस्टरांबरोबर कागदावर मांडून, ठरवून सोड.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवायची नाही. सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, सकाळी उठून जगणंच नको वाटत असेल, किंवा झोपेसाठी ड्रग ट्रॉलीतली गोळी घ्यावी असा विचार जरी आला असेल, तर त्याच दिवशी 14416 ला फोन कर. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास. बांबोळीला मानसोपचार इस्पितळ आहे, तिथे ओपीडीत दाखव. ओळखीचं कुणी बघेल ही भीती मला कळते. पण तिथे येणाऱ्यांत आपल्या पेशातल्या कितीतरीजणी असतात, आणि बऱ्या होऊन कामावर परततात.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी तू बोलू नकोस, मिस्टरांनी बोलावं. घराचा हप्ता कुणाच्या पगारातून जातो हे त्यांनी आईला एकदा समोर बसून, न रागावता सांगावं. तू सुनेच्या तोंडून सांगितलंस तर ते उणंदुणं होईल. चवथीला घरची माटोळी, गणपतीवरची फळापानांची आरास, बांधताना सून नाही याचं त्यांना वाईट वाटणं खरं आहे, त्याला नावं ठेवू नयेत. म्हणून पुढच्या वर्षीची सोय आतापासून कर. आपल्या गोव्यात आम्ही वर्षानुवर्षं हेच केलं: नाताळची ड्युटी हिंदू मुलींनी घ्यायची, चवथीची ख्रिश्चन मैत्रिणींनी. तुझ्या युनिटमधल्या एखादीशी आताच ठरवून टाक, 24 आणि 25 डिसेंबर तू करशील असं सांग. मग चवथीच्या दोन दिवसांचा अर्ज दोन महिने आधी, लेखी दे, आणि त्यावर बदली येणाऱ्या मैत्रिणीची सही घे.